उंच चालक आणि १९७१ची एमजीबी : आसनव्यवस्थेच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४

या प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित केली. गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली आणि क्रोम बंपरची. ती इंग्लंडमधील रेडिंग येथील आमच्या गॅरेजमध्ये असते आणि उन्हाळ्यात नियमितपणे चालवली जाते. माझी उंची १७१ सेंमी असल्याने मला तिच्यात कधीच अडचण आली नाही. परंतु आता माझा भाचाही ही गाडी चालवणार असून त्याची उंची १९३ सेंमी आहे. दोघांनाही ती थकवा न येता लांबवर चालवता यावी आणि तसे करताना मूळ पत्र्यात एकही नवे भोक पडू नये किंवा कोठेही कापाकापी होऊ नये, अशा दोन अटी मी स्वतःला घालून घेतल्या आहेत. जो बदल केला जाईल तो एका दिवसात काढून गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. सुटलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा आहे.

एमजीबी ही तिच्या काळातील लहान स्पोर्ट्स कारांमध्ये खरे तर प्रशस्त गाडी आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात बनली. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी (खालचा सांगाडा) होती, तर एमजीबीचे अंगच एकसंध पत्र्याचे केले गेले. त्यामुळे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ९४ इंचांवरून ९१ इंचांवर येऊनही आतली बैठक मात्र अधिक ऐसपैस झाली. पायांची जागा बोनेटखाली खोलवर जाते, म्हणून उंच माणसाचे पाय या गाडीत मावतात. अडचण येते ती मांडी, गुडघा, डोळे आणि टाळू या चार ठिकाणी. टप (कापडी छत) चढवल्यावर गाडीची एकूण उंचीच सुमारे १२५ सेंमी भरते, हे लक्षात घेतले की ही अडचण किती स्वाभाविक आहे ते कळते.

१० फेब्रुवारी २०२४

आज मोजमापे घेतली. भाच्याला टप चढवलेल्या गाडीत बसवून सीट पूर्ण मागे घेतली, पाठ टेकवायला सांगितली आणि ओळंबा, पाणसळ व पोलादी फूटपट्टी यांच्या साहाय्याने सर्व अंतरे टिपली. उंच माणसासाठी गाडीत जागा करायची म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम डोक्याकडे जाते. मी मात्र खुब्यापासून सुरुवात केली, कारण खुबा हा बसलेल्या शरीराचा आधारबिंदू आहे. तो एका जागी ठरला की टाळू किती वर जाईल, गुडघा कोठे येईल आणि खांदा किती मागे राहील हे जवळजवळ आपोआप ठरते. मोटारींचे आराखडे करणारे अभियंतेही खुब्याचा बिंदू आधी निश्चित करतात आणि बाकीची मांडणी त्याच्याभोवती रचतात.

केवळ उभी उंची सांगून भागत नाही. बसलेल्या माणसाची बैठकीपासून टाळूपर्यंतची उंची एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते, पण व्यक्तीव्यक्तीत फरक पडतो. एकाच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असू शकतात. पहिल्याला टपाची अडचण होते, तर दुसऱ्याला स्टिअरिंगची. माझ्या भाच्याची बसलेली उंची १०१ सेंमी भरली, म्हणजे त्याचे धडही लांब आहे आणि पायही. त्यामुळे या गाडीत त्याला दोन्ही अडचणी येतात.

निष्कर्ष असे. टाळू टपाच्या कापडाला टेकते. डोळ्यांची रेषा पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीच्या केवळ २ सेंमी खाली येते, त्यामुळे दूरचा सिग्नल पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. मांडी स्टिअरिंगच्या खालच्या कडेला घासते. त्यामुळे ब्रेककडे पाय नेताना गुडघा बाहेर फाकवावा लागतो आणि तेथे दाराचा आतला भाग आडवा येतो. सीटच्या पुढच्या काठापासून गुडघ्याच्या मागच्या भागापर्यंत मांडीचा १६ सेंमी भाग अधांतरी राहतो. लांबच्या प्रवासात कंबर दुखण्याचे मुख्य कारण मला या शेवटच्या आकड्यात दिसते, कारण मांडीला आधार नसला की धडाचे सगळे वजन बैठकीच्या दोन हाडांवर येते आणि माणूस नकळत पुढे घसरून पाठीला बाक देतो.

“मामा, पाय पोचतात, पण हलवायला जागाच नाही,” असे भाचा म्हणाला. एका वाक्यात ही संपूर्ण समस्या त्याने मांडली. मावणे आणि आरामात बसणे यांत जे अंतर आहे तेच आम्हाला भरून काढायचे आहे.

१७ फेब्रुवारी २०२४

गणिताचा दिवस. हत्यार हाती घेण्यापूर्वी कोणता बदल किती फायदा देईल याचा अंदाज घेतला.

सीटची पाठ अधिक तिरकी करणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो, म्हणून तो आधी तपासला. खुब्यापासून टाळूपर्यंतचे अंतर ९० सेंमी धरले आणि पाठीचा कल २० अंशांवरून २५ अंशांवर नेला, तर टाळू सुमारे ३ सेंमी खाली येते. पण त्याच वेळी खांदा सुमारे ४ सेंमी मागे जातो आणि हात स्टिअरिंगपर्यंत ताणावे लागतात. शिवाय पुढचे पाहण्यासाठी मान तेवढीच पुढे वाकवावी लागते, म्हणजे डोक्याचा प्रश्न सोडवताना मानेचा प्रश्न निर्माण होतो. याउलट खुबाच ४ सेंमी खाली घेतला, तर टाळू आणि डोळे पूर्ण ४ सेंमी खाली येतात व मांडीही स्टिअरिंगपासून दूर होते. खांद्याचे आडवे अंतर मात्र बदलत नाही. म्हणून खुबा शक्य तितका खाली घ्यावा आणि पाठीचा कल गरजेपुरताच वाढवावा, असा क्रम ठरवला.

अशा गाड्यांच्या इतिहासातही दोनच मार्ग दिसतात : माणूस खाली घ्यायचा किंवा छत वर उचलायचे. दुसऱ्या मार्गाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९६७च्या ल मॉंच्या शर्यतीतले आहे. सहा फुटांहून बराच उंच असलेल्या डॅन गर्नी यांचे हेल्मेट फोर्डच्या मार्क ४ गाडीत मावेना, तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या छताला एक फुगवटा काढला गेला आणि त्याच गाडीतून गर्नी व ए. जे. फॉइट यांनी ती शर्यत जिंकली. गाड्यांचे सांगाडे घडवणाऱ्या इटलीच्या झागाटोने अबार्थच्या छोट्या गाड्यांच्या छतावर दोन फुगवटे दिले, तेही डोक्यांना जागा मिळावी म्हणून. आमच्या रोडस्टरला कापडी टप असल्याने हा मार्ग बंद आहे.

२ मार्च २०२४

चालकाची सीट बाहेर काढली. एमजीबीच्या सीटचे सरकते रूळ थेट फरशीवर बसत नाहीत; त्यांच्याखाली लाकडी पट्ट्या असतात आणि बोल्ट त्यांतून आरपार जाऊन फरशीत जखडलेल्या नटांमध्ये घट्ट बसतात. या गाडीतील पट्ट्यांची जाडी १२ मिमी भरली. त्या नुसत्या काढून टाकल्या तर सीट सरळ १२ मिमी खाली येते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. ज्यांना तेवढीच जागा हवी आहे त्यांनी येथेच थांबावे, असा माझा सल्ला राहील.

आम्हाला त्याहून थोडे अधिक हवे आहे. पट्टी मागे काढून पुढे ठेवली तर सीट मागच्या बाजूला कलते, मांडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि पाठही तेवढीच तिरकी होते. पण रुळाखाली फक्त पुढे लाकूड ठेवले तर मधला भाग अधांतरी राहून रूळ वाकतो आणि सीट सरकताना अडकते. म्हणून बीच लाकडाच्या दोन सलग पाचरी तयार केल्या, पुढच्या टोकाला १२ मिमी आणि मागच्या बोल्टापाशी जवळजवळ शून्य. दोन्ही बोल्टांमधील अंतर सुमारे ३० सेंमी असल्याने कल सव्वादोन अंशांच्या आसपास येतो. दोन्ही पाचरी एकत्र बांधून एकाच वेळी रंधल्या, कारण डावा व उजवा रूळ एकमेकांना समांतर राहिले नाहीत तर सीट पुढे-मागे करणे अशक्य होते. बोल्टांच्या डोक्याखाली उतरते वॉशर दिले आहेत, जेणेकरून बोल्ट तिरका ताणला जाणार नाही.

सीट बाहेर असतानाच फरशी व तिच्या आडव्या पट्ट्याची खालून-वरून तपासणी केली. या वयाच्या एमजीबीची फरशी आणि दाराखालचे पत्रे गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, आणि अपघातात चालकाला जागेवर धरून ठेवणारी सीट शेवटी याच पत्र्यावर उभी असते. आमच्या गाडीचा पत्रा ठणठणीत निघाला. तो गंजलेला असता तर सीटचे काम थांबवून आधी वेल्डिंगचे काम हाती घ्यावे लागले असते.

९ मार्च २०२४

गादीचे काम. आधीच्या मालकाने सीट नव्याने मढवून घेतली होती आणि त्या वेळी आत जाड व कडक फोम भरला होता. बाजारात मिळणारे नवे फोम अनेकदा झिजलेल्या मूळ फोमपेक्षा बरेच उंच बसवतात, त्यामुळे देखणी व नवीकोरी सीट बसवल्यावर उंच चालक आणखी अडचणीत येतो.

गावातील गादीकाम करणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे सीट नेली. त्यांच्यासमोर भाच्याला बसवून, तो बसलेला असताना फोम किती दबतो हे आम्ही मोजले. रिकाम्या सीटची उंची मोजून काहीच कळत नाही. वजनाखालचे माप तेवढे खरे. फोमखाली हुकांनी ताणून बसवलेला रबरी पडदा असतो. तो सैल पडला होता आणि त्यामुळे खुबा खाली जात असला तरी बैठक झोळीसारखी वाकत होती. सैल पडद्यामुळे आयती मिळणारी खोली सोडून देण्याचा आणि नवा, योग्य ताणाचा पडदा बसवण्याचा निर्णय आम्ही घेतला, कारण झोळीत बसल्यावर मांड्या एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि तासाभरातच कंबर अवघडते.

त्यानंतर फोम फक्त मागच्या अर्ध्या भागात, बैठकीच्या हाडांखाली कापला. तेथे खाली टणक आणि वर मऊ असे दोन थर दिले, आणि वजन पडल्यावरही पडद्याच्या वर किमान अडीच सेंमी फोम शिल्लक राहील याची खात्री करून घेतली. त्याहून पातळ केला तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट माकडहाडाला बसतो. पुढच्या भागातील फोम जाणीवपूर्वक तसाच ठेवला, उलट काठाशी थोडा वाढवला. वजनाखाली खुबा ३० मिमी खाली आला आणि मांडीचा अधांतरी भाग १६ सेंमीवरून ११ सेंमीवर आला. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. आपला फोम स्वतः सुरीने कापणारे पुष्कळ लोक आहेत, परंतु वजनाखालचे माप घेऊन दोन थर देण्याचे कौशल्य कारागिराकडेच असते आणि त्याचे मोल दिले पाहिजे.

माझदा एमएक्स-५च्या सीट एमजीबीत बसवण्याची पद्धतही ब्रिटनमध्ये बरीच रूढ आहे. त्या पाठीला चांगला आधार देतात, डोक्यामागेही आधार असतो. आम्ही तो पर्याय बाजूला ठेवला, कारण या गाडीचे अंतरंग मूळ स्वरूपात राहावे ही माझी इच्छा आहे आणि मूळ चौकटीतच हवी ती जागा मिळत आहे.

१६ मार्च २०२४

रूळ मागे घेण्याचे काम. सीटच्या पाठीमागे, आडव्या भिंतीपर्यंत अजून थोडी जागा शिल्लक होती. ती मिळवण्यासाठी फरशी आणि रूळ यांच्यामध्ये पोलादी पट्टी टाकून सीट मागे सरकवता आली असती, पण ६ मिमी जाडीची पट्टी खुबा ६ मिमी वर उचलते आणि मोठ्या कष्टाने मिळवलेली खोली परत जाते. म्हणून जुन्या रुळांची एक वेगळी जोडी विकत घेऊन त्यांच्या खालच्या भागात २५ मिमी पुढे नवी भोके पाडली. फरशीतील मूळ नट तेच राहिले. बोल्ट मजबूत प्रतीचे आणि नवे वापरले. गाडीचे मूळ रूळ तेल लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत.

पंचवीस मिमी हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण गुडघ्याच्या कोनात त्याने पडलेला फरक भाच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसला.

६ एप्रिल २०२४

गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमला आम्ही दोघे जाऊन आलो. या प्रकल्पाशी संबंधित म्हणून तेथे झालेल्या चर्चेची येथे नोंद करतो. उंच चालकांची अडचण ही केवळ आपल्यासारख्या नंतरच्या मालकांची नाही, तर खुद्द कारखान्यांनाही ती भेडसावत होती, याचे जॅग्वारची ई-टाइप हे ठळक उदाहरण आहे. मार्च १९६१मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली तेव्हा तिची फरशी सपाट होती आणि उंच माणसाला तीत पाय दुमडून बसावे लागे. १९६२मध्ये जॅग्वारने फरशीत पायांसाठी खळगे काढले आणि सीटमागच्या भिंतीलाही आत वळवून सीट आणखी मागे जाईल अशी सोय केली. पुढे १९६६च्या टू प्लस टू (मागे दोन लहान सीट असलेल्या) प्रकारात चाकांमधील अंतर ९ इंचांनी वाढले, आणि १९७१मध्ये आलेल्या बारा सिलिंडरांच्या तिसऱ्या मालिकेत तर उघड्या गाडीलाही तीच लांब मांडणी मिळाली. आज संग्राहक सुरुवातीच्या सपाट फरशीच्या गाड्यांसाठी जास्त किंमत मोजतात, पण ज्याला ती चालवायची आहे त्या उंच माणसाने नंतरची गाडी पाहावी.

टाच खाली गेली की गुडघा सरळ होतो आणि मांडी सीटवर टेकते, हे त्या खळग्यांमागचे तत्त्व आहे. फरशी न कापता आम्ही तेच दुसऱ्या बाजूने साधत आहोत. मांडी टेकेल असा सीटचा पुढचा काठ उचलायचा आणि खुबा मागे व खाली न्यायचा.

१३ एप्रिल २०२४

स्टिअरिंग. गाडीवरील चाकाचा व्यास ३९ सेंमी आहे. त्याऐवजी ३५ सेंमी व्यासाचे, सपाट आणि चामड्याने मढवलेले चाक बसवले. मध्यबिंदू तोच राहिल्याने खालची कड २० मिमी वर आली. आधी खाली गेलेल्या खुब्याची त्यात भर पडल्यावर मांडी आणि कड यांच्यामध्ये पूर्ण तळहात सहज फिरवता येतो. ब्रेककडे पाय नेताना गुडघा आता फाकवावा लागत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

या बदलाची किंमतही मोजावी लागते. व्यास कमी झाल्याने तोच परिणाम साधण्यासाठी हाताला सुमारे ११ टक्के अधिक जोर लावावा लागतो. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गाडी उभी करताना तो जोर चांगलाच जाणवतो, चालत्या गाडीत मात्र जवळजवळ नाही. टायरमधील हवेचा दाब योग्य ठेवणे आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. डॅशबोर्डवरील स्पीडोमीटर आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारे घड्याळ लहान चाकाच्या कडेआड जाते का, हेही पाहिले. भाच्याला दोन्ही पूर्ण दिसतात, मला स्पीडोमीटरचा वरचा थोडा भाग दिसत नाही, पण लागणारे वेगाचे आकडे दिसतात.

सीट मागे आणि पाठ तिरकी झाल्यामुळे खांदा एकूण साडेचार सेंमीच्या आसपास मागे गेला आहे. त्याची अंशतः भरपाई करण्यासाठी थोडा उंच बॉस (चाक दांड्याला जोडणारा तुकडा) निवडून चाक २० मिमी चालकाकडे आणले. स्टिअरिंगचा दांडाच वर उचलावा असे पुष्कळजण सुचवतात. त्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. या गाडीत दांडा आणि खालची रॅक (पुढची चाके वळवणारी दातेरी पट्टी) यांच्या अक्षरेषा सांध्यापाशी नेमक्या जुळवलेल्या असतात. दांडा हलवल्याने त्या बिघडल्या तर सांधा आणि रॅक दोन्ही अकाली झिजतात. गुडघ्यासाठी दोन सेंमी मिळवताना स्टिअरिंगच धोक्यात घालण्याचे काहीही कारण नाही.

चाक, रूळ आणि सीट यांतील सर्व बदल विमा कंपनीला लेखी कळवले असून त्यांची संमती आली आहे.

२० एप्रिल २०२४

पट्टा, आरसा आणि पावले.

रोडस्टरला दारामागे खांब नसल्याने पट्ट्याचे वरचे टोक मागच्या चाकाच्या कमानीवर, म्हणजे बरेच खाली असते. उंच चालकाच्या खांद्यावरून पट्टा मागे उतरत जातो आणि धडक बसल्यास तो खांद्याला मागे धरण्याबरोबरच खाली दाबतो व मणक्यावर भार येतो. खुबा खाली आल्यामुळे हा उतार बराच कमी झाला आहे, हा या कामाचा मी आधीच अपेक्षिलेला लाभ. पट्टा जुना होता, तो बदलून नवा बसवला.

आरसा काचेच्या मधोमध असलेल्या उभ्या दांडीवर बसवलेला असून तो वर-खाली सरकतो. उंच चालकाच्या डाव्या बाजूची दृष्टी हा आरसा बरोबर अडवत होता, विशेषतः डावीकडे वळणाऱ्या रस्त्यावर. तो दांडीवर वर सरकवून ही अडचण मिनिटभरात दूर झाली.

भाच्याचे पाऊल लांब आहे तसेच रुंदही, आणि क्लच व ब्रेकची पॅडले एकमेकांच्या फार जवळ आहेत. पॅडले वाकवण्याऐवजी अरुंद व पातळ तळाचे बूट हाच योग्य उपाय आहे. डाव्या पायाला विसावा मिळावा म्हणून मधल्या बोगद्याच्या बाजूला गालिच्यावर बसणारा लाकडी ठोकळा केला असून तो फरशीवरील मूळ बोल्टालाच अडकवला आहे. ठोकळा सुटून पॅडलाखाली जाणे जिवावर बेतू शकते, म्हणून तो केवळ चिकटवून ठेवणे मला मान्य नव्हते.

४ मे २०२४

टप चढवून पुन्हा मोजमापे घेतली. खुबा मूळ जागेपेक्षा ४२ मिमी खाली आहे आणि कलामुळे टाळू एकूण ५५ मिमी खाली आली आहे. डोळ्यांची रेषा चौकटीच्या सुमारे साडेसात सेंमी खाली येते.

त्यानंतर टप उतरवून ॲबिंग्डनहून विटनीमार्गे बर्फर्डपर्यंत जाऊन आलो. जाताना भाच्याने गाडी चालवली. ए४० या महामार्गावर वेग वाढल्यावर पूर्वी काचेच्या वरून येणारा वारा त्याच्या कपाळावर आदळत असे, तो आता डोक्यावरून निघून जातो. बर्फर्डला उतरल्यावर त्याची कंबर ठीक होती, मात्र उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, दाराशी घासते तेथे, दाब जाणवल्याचे त्याने सांगितले.

परतताना मी चालवली. खाली गेलेल्या सीटमुळे मला बोनेटचा पुढचा भाग कमी दिसतो, म्हणून माझ्यासाठी ४ सेंमी जाडीची टणक उशी करून घेतली आहे. ती सीटच्या पाठीला दोन पट्ट्यांनी बांधली जाते, त्यामुळे ब्रेक लावताना पुढे सरकत नाही. रुळावर माझ्या आणि भाच्याच्या जागी रंगाच्या खुणा केल्या आहेत.

शिल्लक काम : दाराच्या आतल्या आवरणावर, भाच्याची मांडी टेकते त्या जागी, १० मिमी मऊ फोमचा सुटा तुकडा लावून पाहणे, आणि लाकडी पाचरी दबून बोल्ट सैल झालेले नाहीत ना, हे महिनाअखेरीस पाना लावून तपासणे.